ट्रॅक्टरचं डिफरन्शियल : गिअर दुरुस्त करावेत की बदलावेत?



गळीत हंगाम आटोपला की तोडणीचा हिशेब, वाहतुकीची बिलं आणि पुढच्या लागणीचं बेणं यांत आपण सारे गुंतून जातो. चार-पाच महिने फडातून गव्हाणीपर्यंत ऊस ओढणारा ट्रॅक्टर मात्र शेडात नाहीतर लिंबाखाली उभा राहतो. पुढं पाऊस पडला की तसाच वावरात जातो. टायर झिजलेलं दिसतं, बॅटरी उतरलेली कळते, पण दोन मोठ्या चाकांच्या मधोमध, तेलात बुडालेले जे गिअर आहेत ते डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून ते तुटेपर्यंत त्यांची आठवण कुणाला होत नाही.

माझं खातं बेण्याचं, खताचं आणि पाण्याचं. गिअरचं नव्हे. तरीही या अंकात हा विषय घेण्याचं कारण उसाशीच आहे. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला जावा, असं आपण दर मेळाव्यात सांगतो. ऊस वाळला की वजन घटतं आणि त्यातल्या साखरेचं विघटन होऊन उतारा खाली येतो. एफ.आर.पी. उताऱ्याशी बांधलेली असल्यामुळं हा तोटा एकट्याचा राहत नाही, सर्व सभासदांच्या भावावर त्याची छाया पडते. एक ट्रॅक्टर भर हंगामात डिफरन्शियल तुटून बसला म्हणजे त्याची ट्रॉली वाटेत, मागं टोळी फडात रिकामी आणि तुटलेला ऊस उन्हात. गट कार्यालयात मग एकच ओरड ऐकू येते, "गाडी नाही."

आवाजाबद्दल विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "साहेब, आवाज तं दोन सालापासून येऊन राहिला. चालून राहिलं तं चालू द्या." हेच उत्तर महागात पडतं. डिफरन्शियल सहसा एकाएकी तुटत नाही. ते बरेच दिवस आधी सांगत असतं, आपण ऐकत नाही एवढंच.

बंडीला लागत नाही, मग ट्रॅक्टरला का लागतं?

बैलबंडीची दोन्ही चाकं आसावर मोकळी फिरतात. धुऱ्यावर बंडी वळवली की बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. बैल बंडी ओढतात, आस काही चाकांना फिरवत नाही. म्हणून तिथं अडचण येत नाही.

ट्रॅक्टरचं तसं नाही. तिथं इंजिनाचा जोर चाकांनाच द्यायचा असतो. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर वळताना एक चाक घासत जाईल, नाहीतर दांडा पिळून तुटेल. थोडा हिशेब पाहू. मागच्या दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरा. वावराच्या टोकाला ट्रॅक्टर पूर्ण उलट फिरवला तर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे ४.७ मीटर जास्त चालतं. वळण लहान घ्या की मोठं, हा फरक तेवढाच राहतो. मागच्या मोठ्या टायरचा घेर चार-साडेचार मीटरच्या आसपास असतो. म्हणजे दर वळणाला बाहेरचं चाक एक आख्खा फेरा जास्त फिरतं.

हा फरक सांभाळणारी जी गिअरची जुळणी तिचं नाव डिफरन्शियल. पेकर नावाच्या फ्रेंच कारागिरानं १८२८ साली वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं. आज मोटार, जीप, ट्रक, ट्रॅक्टर सगळ्यांत मूळ तत्त्व तेच आहे.

त्यातले भाग असे. गिअरबॉक्समधून येणारा लहान गिअर म्हणजे पिनियन. तो ज्या मोठ्या चकतीसारख्या गिअरला फिरवतो तो क्राऊन. क्राऊनला एक केज, म्हणजे पिंजरा, बोल्टनं आवळलेला असतो. पिंजऱ्यात क्रॉस पिनवर बसलेले छोटे स्पायडर गिअर आणि त्यांना दोन्ही बाजूंनी भिडलेले साइड गिअर. साइड गिअरमधून दोन्हीकडच्या चाकांकडे शाफ्ट जातात. ट्रॅक्टर सरळ चालत असताना स्पायडर गिअर स्वतःभोवती फिरत नाहीत, पिंजऱ्यासोबत नुसते वाहून नेले जातात. वळणावरच ते फिरतात.

उसाच्या ओढणीत ते का झिजतं?

डिफरन्शियलचा एक स्वभाव लक्षात ठेवला पाहिजे. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात गेलं तर त्या चाकाला जेवढा जोर झेपतो तेवढाच कोरड्यातल्या चाकाला मिळतो. मग चिखलातलं चाक गरगर फिरतं आणि दुसरं जागचं हलत नाही. अशा वेळी फिरणारं चाक क्राऊनच्या दुप्पट वेगानं फिरत असतं. ज्या स्पायडर गिअरनं वळणापुरतं सावकाश फिरायचं, ते पिनवर भन्नाट फिरू लागतात. पिनवरचा तेलाचा पापुद्रा तुटतो, लोखंडाला लोखंड लागतं आणि पिन खरवडली जाते.

आपल्या भागातली काळी जमीन, ओलिताचा फड आणि मागं भरलेल्या दोन ट्रॉल्या. चाक फसलं की ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो, पुन्हा मागं-पुढं करून झटके देतो. गरगर फिरणाऱ्या चाकाला मध्येच कोरडी जमीन लागली की सगळा धक्का दातांवर येतो. बहुतेक दातांचा शेवट तिथंच होतो. कमी तेल, पाणी शिरलेलं तेल, ढिली झालेली बेअरिंग आणि क्लच एकदम सोडण्याची सवय ही बाकीची कारणं.

आवाज ओळखा

१) सरळ रस्त्यावर, ओढ असताना एकसारखी घूं घूं येत असेल तर संशय क्राऊन-पिनियनवर.

२) सरळ चालताना शांत आणि फक्त वळताना खरखर असेल तर स्पायडर व साइड गिअर, त्यांची पिन आणि वॉशर पाहावेत.

३) क्लच सोडताना किंवा पुढून रिव्हर्समध्ये जाताना 'टक्' असा ठोका येत असेल तर कुठं तरी ढिलाई वाढली आहे. ती दातांत असेल, पिनमध्ये असेल, नाहीतर शाफ्टच्या खाचांत.

४) ठराविक अंतरानं, फेऱ्यागणिक कट् कट् येत असेल तर दाताचा टवका उडाला असण्याची शक्यता धरावी. असा ट्रॅक्टर पुढं चालवू नये.

५) वेग वाढेल तशी वाढणारी घरघर बहुधा बेअरिंगची असते. ही वेळेवर धरली तर गिअर वाचतात.

जीप, पिकअप आणि ट्रकवाल्यांनी आणखी एक पारख करावी. मनीषनगरला रेल्वे फाटकावरचा जो उड्डाणपूल २०२० साली सुरू झाला, तसा कोणताही चढ-उतार घ्या. चढताना पिनियन क्राऊनला ढकलतो आणि दातांची एक बाजू काम करते. उतारावर गिअरमध्येच ॲक्सिलरेटर सोडला तर चाकं उलट इंजिनाला ढकलतात, तेव्हा दातांची दुसरी बाजू काम करते. आवाज चढाला येतो की उतारावर, हे मिस्त्रीला सांगितलं तर त्याचं अर्धं काम हलकं होतं. मात्र डिफरन्शियलला दोष देण्याआधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि चाकाची बेअरिंग तपासून घ्यावीत. त्यांचाही आवाज मागूनच येतो.

आवाजाबरोबर तेलही बोलतं. ड्रेन प्लग काढून तेल स्वच्छ भांड्यात घ्या आणि फडक्यातून गाळा. प्लगच्या चुंबकावर करडी, मेणासारखी बारीक पूड असेल तर ती नेहमीची झीज. चमकणाऱ्या पापुद्र्या असतील तर बेअरिंग किंवा दात सोलायला लागले आहेत. दाताचा तुकडा निघाला तर दुसरा विचार न करता उघडावं. तेल ताकासारखं पांढुरकं असेल तर आत पाणी शिरलं आहे.

उघडल्यावर काय पाहावं?

गेल्या उन्हाळ्यात मनीषनगर-बेसा भागातल्या एका वर्कशॉपमध्ये आपल्या गटातले तीन ट्रॅक्टर उघडले, तेव्हा मी मुद्दाम उभा राहून पाहिलं. बाहेरून तिन्हींची तक्रार एकच, 'आवाज'. आत तीन वेगळे रोग निघाले. एकाची फक्त पिनियनची बेअरिंग गेली होती, दात चांगले होते. दुसऱ्याची क्रॉस पिन खरवडून निळी पडली होती. तिसऱ्याच्या क्राऊनचे दोन दात मुळातून गेले होते, आणि त्यातल्या एकावर आधीच्या वेल्डिंगची खूण होती. खर्च तिघांचा सारखा आला नाही हे उघड आहे. पहिल्याचं काम सर्वांत स्वस्तात झालं, कारण तो सर्वांत लवकर आला होता.

दात धुऊन, पुसून उजेडात पाहावेत. सगळीकडं सारखी चकाकी असेल आणि बोट फिरवून काही लागत नसेल तर गिअर कामाचा आहे. बारीक खड्डे म्हणजे वरचा थर थकला. उभे ओरखडे म्हणजे तेल कमी पडलं किंवा चुकीचं होतं. निळा-काळा रंग म्हणजे गिअर तापला. तुटलेल्या जागेचा काही भाग गुळगुळीत, काळपट आणि उरलेला ताजा, खरबरीत दिसत असेल तर तडा जुना होता, शेवटचा झटका फक्त निमित्त झाला. सगळीच जागा ताजी व खरबरीत असेल तर एकाच मोठ्या झटक्यानं दात गेला.

दुरुस्ती कशाची, बदली कशाची?

इथं नियम सोपा आहे. बसवणीतला दोष दुरुस्त होतो, दातातला दोष दुरुस्त होत नाही.

बेअरिंग, ऑइल सील, वॉशर आणि शिम या वस्तू बदलून आणि ढिलाई पुन्हा जुळवून काम भागत असेल तर गिअर बदलण्याची गरज नाही. आवाज आला म्हणून सरसकट नवा सेट टाकणं म्हणजे विनाकारण खर्च.

क्राऊन किंवा पिनियनला खड्डे पडले, टवका उडाला किंवा दात तुटला तर मात्र दोन्ही बदलावेत. कारखान्यात हे दोन गिअर एकमेकांवर घासून जोडीनं जुळवलेले असतात आणि त्यांच्यावर जोडीचा नंबर कोरलेला असतो. "पिनियन तेवढा नवा टाका, क्राऊन चांगला आहे" हा सल्ला ऐकू नये. नवा पिनियन जुन्या क्राऊनवर नीट बसत नाही, आवाज राहतो आणि दोन्ही जातात. वासराला दुसऱ्याच गायीखाली सोडल्यासारखा तो प्रकार.

स्पायडर गिअर, साइड गिअर, क्रॉस पिन आणि वॉशर यांचंही तेच. एकाचे दात गेले तर पूर्ण संच बदलावा. नुसती वॉशर झिजली असेल आणि पिन व दात गुळगुळीत असतील तर वॉशर बदलून चालतं.

दात वेल्डिंगनं भरणं हा प्रकार तर पूर्ण बंद झाला पाहिजे. गिअरचं पोलाद वरून सुमारे एक मिलिमीटर कडक आणि आत चिवट केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं तो कडकपणा जातो आणि शेजारच्या दातांना तडे जातात. भरलेला दात ट्रॉली ओढताना निघाला की तो तुकडा दोन चांगल्या दातांमध्ये जातो. मग केज आणि वेळप्रसंगी हौसिंगसुद्धा फुटतं. दात कानशीनं घासून सारखा करणं हेही त्याच जातीचं काम, कारण घासताना कडक थरच निघून जातो.

जुन्या बाजारातला सेट घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. जोडीचा नंबर एकच असावा, दात निकोप असावेत आणि दातांची संख्या आपल्या सेटइतकीच असावी. क्राऊनचे ४१ आणि पिनियनचे ९ दात असतील तर प्रमाण ४.५६ येतं. दुसरं प्रमाण बसवलं तर ट्रॅक्टरचा वेग आणि ओढ दोन्ही बदलतात. चारही चाकांना जोर असलेल्या ट्रॅक्टरमध्ये तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झुंजू लागतात. नव्या सेटचं पक्कं बिल घ्यावं आणि पार्ट नंबर पुस्तिकेशी ताडून पाहावा.

बसवणं हेच खरं काम

उत्तम सेट वाईट बसवला तर एका हंगामात जातो. जुने शिम जसेच्या तसे टाकून काम उरकणाऱ्या मिस्त्रीला थांबवावं. पिनियनची खोली, बेअरिंगचा ताण आणि दातांमधली मोकळीक या तीन गोष्टी नव्यानं जुळवाव्या लागतात. मोकळीक डायल गेजनं मोजतात. ती मिलिमीटरच्या दशांशांत असते आणि नेमका आकडा त्या-त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. "हातानं हलवून पाहिलं, बरोबर आहे" हे माप नव्हे.

मग क्राऊनच्या काही दातांना शेंदरासारखा मार्किंगचा रंग लावून गिअर फिरवतात. रंग जिथं पुसला जातो तिथं दात भिडतो. ठसा दाताच्या मधोमध, किंचित आतल्या अरुंद टोकाकडं यावा, कारण भार आल्यावर तो बाहेर सरकतो. ठसा दाताच्या माथ्यावर आला तर पिनियन क्राऊनपासून दूर आहे. दाताच्या बुडाशी आला तर तो फार आत गेला आहे. हा ठसा मालकानं स्वतः पाहावा. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

पिनियन बदलायला बहुतेक ट्रॅक्टर मधून वेगळे करावे लागतात आणि मजुरीचा मोठा भाग त्या उघडझाकीचाच असतो. म्हणून तेवढ्यात बेअरिंग, सील आणि ब्रेकही पाहून घ्यावेत. क्राऊनचे बोल्ट टॉर्क पान्यानं आवळावेत. नवा सेट बसल्यावर सुरुवातीला हलकं काम द्यावं, एकदम दोन ट्रॉल्या जोडू नयेत, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या वेळी तेल बदलावं.

तेल : सगळीकडं एकच नाही

जीप आणि ट्रकच्या मागच्या ॲक्सलला सहसा जास्त दाब सोसणारं घट्ट गिअर ऑइल लागतं. पुष्कळ ट्रॅक्टरांत मात्र गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक यांना एकच तेल असतं. तिथं ट्रकच्या ॲक्सलचं तेल ओतलं तर ब्रेक नीट धरत नाहीत. दुकानदार काय म्हणतो यापेक्षा पुस्तिका काय म्हणते ते पाहावं. पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून तपासावी. ओल्या फडातून आणि नाल्यातून ये-जा झाली असेल तर ब्रीदर आणि सील जरूर पाहावेत. पाणी तिथूनच शिरतं.

ड्रायव्हरला समजावून सांगा

डिफरन्शियल लॉक दोन्ही चाकं एकत्र जखडतं. चाक फसलं तर आधी क्लच दाबून चाक थांबवावं, मग लॉक लावावं, सरळ बाहेर निघावं आणि लगेच सोडावं. फिरत्या चाकावर लॉक लावलं तर दात जातात. लॉक लावून वळलं किंवा डांबरी रस्त्यावर चाललं तर स्टेअरिंग ऐकत नाही. फसलेली ट्रॉली झटके देऊन काढू नये. एक ट्रॉली सोडावी, चाकाखाली पाचट टाकावं, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलवावा. वावरात वळायला एका बाजूचा ब्रेक वापरतात, पण रस्त्यावर येताना दोन्ही पेडल एकत्र जोडलेच पाहिजेत.

आणि एक गोष्ट गिअरपेक्षा मोठी. दात तुटून भरलेली ट्रॉली रात्री रस्त्यात उभी राहते, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांनी झाकलेले. मोटारसायकलवाल्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. एका न ऐकलेल्या आवाजापायी कुणाच्या घरचा माणूस जाऊ नये. ट्रॉली बंद पडली तर आधी चाकांना उटी लावा, मागं लांबवर माणूस आणि दिवा ठेवा, मग मिस्त्रीला फोन करा. त्याचप्रमाणे एक चाक जॅकवर उचलून, दुसरं जमिनीवर ठेवून, गिअरमध्ये इंजिन चालवून आवाज ऐकण्याचा प्रकार करू नये. लॉक लागलेलं असेल तर ट्रॅक्टर जॅकवरून उडी घेतो. जॅकवर भरवसा ठेवून कुणीही खाली शिरू नये, स्टँड लावावेत.

आता काय करावं?

वाहतुकीचा करार करणाऱ्या सभासदांनी आणि वाहनमालकांनी उन्हाळ्यातच मागचं तेल काढून पाहावं. आवाज असल्यास पावसाळ्यापूर्वी उघडून घ्यावं. तेव्हा मिस्त्रीला सवड असते, सामान मागवायला वेळ असतो आणि भावही दोन ठिकाणी विचारता येतो. उघडताना स्वतः हजर राहावं आणि "तुटलं काय?" याबरोबरच "कशानं तुटलं?" हेही विचारावं. कारण तसंच राहिलं तर नवा सेटही त्याच वाटेनं जातो. ज्यांची तरुण मुलं ट्रॅक्टर चालवतात त्यांनी मध्य प्रदेशात बुदनी इथल्या केंद्र सरकारच्या यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेत चौकशी करावी. १९५५ सालापासून तिथं शेतीयंत्रांचं शिक्षण दिलं जातं.

बेणं निवडताना आपण डोळा न् डोळा तपासतो. तीच नजर ऊस वाहणाऱ्या गिअरच्या दातांकडं वळवावी. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशी यार्डात येणारा प्रत्येक ट्रॅक्टर मागून शांत असावा, अशी सर्व सभासदांना विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी